तितरासाठी रातकिडे

माझ्याबरोबर सासरी एक तितर आलं. दोन भांडी, एक घागर, अंथरूण-पांघरूण आणि कामट्यांच्या पिंजऱ्यात हे तितर, एवढं घेऊन मी मुळशीला आले.

माझं माहेर सुप्याकडच्या माळावरचं. तिथे पाऊस कमी आणि तितरं उदंड. एका कापणीला वडिलांना बांधाच्या गवतात अंडी सापडली होती. ती त्यांनी घरच्या कोंबडीखाली ठेवली. त्यातून निघालेल्या पिल्लांपैकी हे एकच तगलं. ते वडिलांच्या पाठोपाठ कुत्र्यासारखं शिवारात जायचं, दमलं की त्यांच्या वहाणेवर बसायचं. माझे सासरे, म्हणजे मामंजी, मला बघायला आले तेव्हा ते अंगणात हिंडत होतं. मामंजींनी मला एकच प्रश्न विचारला, आणि नंतरचा सगळा वेळ ते त्या पाखराकडे बघत बसले. पाखरू कुडावर चढून छाती फुगवून ओरडलं, तसे ते मांडीवर हात ठेवून ऐकत राहिले.

"आमच्याकडं ह्यो आवाज न्हाई," ते म्हणाले.

वडिलांनी त्यांचा चेहरा वाचला असावा. "घिऊन जावा की," ते म्हणाले. "पोरीसंगं पाठवून देतो. तेवढीच तिला वळखीची सोबत."

वैशाखात लग्न झालं. धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटात आमचं घर. घरात मामंजी, सासूबाई म्हणजे आत्याबाई, माझ्याहून वर्षाने लहान नणंद आणि आम्ही दोघं. पहिला महिना तितराने गाजवला. सकाळी उठून ओरडायला लागलं की वाटेने जाणारा माणूस थांबून विचारायचा. मामंजी दर वेळी सगळी हकीकत सांगायचे.

मग पाऊस लागला. तिकडच्या पावसाची मला कल्पना नव्हती. आमच्याकडे पाऊस येऊन जायचा. इथे तो येऊन राहायचा. भिंतींना बाहेरून गवताचे कूड बांधलेले, त्यामुळे घरात दिवसाही चुलीचाच काय तो उजेड. पडवीत टांगलेला पिंजरा आत, चुलीच्या खोलीत आला. आणि तितर गप्प झालं. ज्वारीचे दाणे टाकले तर दोन टिपायचं आणि पिसं फुगवून कोपऱ्यात बसायचं.

मामंजी पिंजऱ्यासमोर घोंगडी टाकून बसायचे. त्या काळात सासऱ्याशी सुनेने तोंडावर बोलायची रीत नव्हती. काही सांगायचं तर आत्याबाईंमार्फत, नाहीतर भिंतीला सांगितल्यासारखं. एक दिवस आत्याबाई गोठ्यात होत्या, मी भाकरी थापत होते. मामंजी तितराला म्हणाले, "काय रं, तुज्या गावाला तुला काय घालत हुते?"

उत्तर तितराकडे नव्हतं हे त्यांनाही ठाऊक होतं. मी पदर पुढे ओढला आणि पिंजऱ्याकडे बघून म्हटलं, "वाळवी घालत हुते. वारूळ फोडून. न्हाईतर नाकतोडं."

"अस्सं व्हय," मामंजी तितराला म्हणाले. "हितं ह्या पाण्यात कुटलं आलंय वारूळ."

असं आमचं बोलणं सुरू झालं. पुढे कित्येक दिवस आम्ही दोघं त्या पाखराशीच बोलत होतो. तेही बिचारं मान वाकडी करून कधी त्यांच्याकडे, कधी माझ्याकडे बघायचं.

किडे हवेत हे कळलं, पण आणायचे कुठून? मामंजी डोक्यावर पानांचं इरलं घेऊन रानात जायचे आणि भिजून मोकळ्या हाताने परत यायचे. मग एका दुपारी चुलीमागची राख काढताना माझ्या हातावरून काहीतरी उडालं. रातकिडा. चुलीच्या मागच्या भेगेत ऊब होती, तिथे त्यांचं बिऱ्हाडच होतं. मी एक पकडून पिंजऱ्यात टाकला. तितर उठलं, चोच आपटली आणि गिळून टाकला. मग उभं राहून माझ्याकडे बघू लागलं. त्या दिवशी मी आणि वन्सं, म्हणजे माझी नणंद, चुलीमागे पालथ्या पडून रातकिडे पकडत होतो. आत्याबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काय हुडकताय?"

"किडं," वन्सं म्हणाल्या.

आत्याबाई तशाच परत गेल्या. माळावरची सून केली हे बरं केलं की वाईट, याचा विचार करत असाव्यात.

चार दिवसांत चुलीमागचे किडे सरत आले. रोज पकडायला दमछाक व्हायची, म्हणून जास्तीचे ठेवायला मी काठ फुटलेला एक जुना रांजण घेतला. तळाला थोडी ओली माती होती ती तशीच राहू दिली. लपायला दाणे काढलेल्या मक्याची बुरकुंडं आणि फुटक्या कौलाचे तुकडे टाकले. खायला भाताचा कोंडा आणि भोपळ्याची साल. वर फडकं बांधलं आणि रांजण चुलीपाशी ठेवला. मनात पाळण्याचं काही नव्हतं, साठवणच करायची होती.

पंधरवडा झाला असेल. कोंडा टाकायला फडकं सोडलं तर आत मुंग्याच मुंग्या. मला वाटलं, गेलं सगळं, मुंग्यांनी किडे खाल्ले. मी रांजण उचलून अंगणात पालथा करायला निघाले. मामंजी पिंजऱ्यासमोर बसले होते. त्यांनी हात आडवा केला, रांजण उजेडाला धरला आणि बराच वेळ आत बघितलं.

"मुंगीला एवढ्या लांब मिशा असत्यात व्हय रं?" त्यांनी तितराला विचारलं.

मी वाकून बघितलं. त्या मुंग्या नव्हत्या. टाचणीच्या डोक्याएवढे रातकिडे, पण मिशांसकट, उड्यांसकट सगळे पुरे. जुन्या किड्यांतल्या काहींच्या मागे सुईसारखं टोक होतं. आम्ही ती नांगी समजून त्यांना हात लावायला भीत होतो. त्या माद्या होत्या. त्या सुईने ओल्या मातीत भोक पाडून अंडी घालत होत्या. मला इतका आनंद झाला की गाय व्याल्यावरही कधी झाला नव्हता.

मग आम्ही शिकत गेलो. कोंडा ओला झाला की बुरशी धरते आणि किडे मरतात. पाणी उघडं ठेवलं की पिल्लं त्यात बुडतात, म्हणून ओली चिंधी ठेवायची. खायला कमी पडलं की मोठे लहानांना खातात. आणि अंड्यांची माती वेगळ्या पसरट परळात काढून उबेला ठेवली की पिल्लं जास्त तगतात. कात टाकलेला किडा पांढराफेक निघायचा, तो तितराला सगळ्यात आवडायचा. मामंजींनी रांजणाच्या गळ्याला आतून तेलाचं बोट फिरवायची युक्ती काढली. किडे चढायचे आणि घसरून खाली पडायचे. वन्सं ते बघून एकट्याच हसत बसायच्या.

तितराची पिसं परत चकाकली. भर पावसात एका सकाळी ते पिंजऱ्यात उभं राहिलं आणि माळावर ओरडायचं तसं ओरडलं. मामंजी गोठ्यातून धार अर्धी टाकून आले. चरवी हातातच होती.

पण रातकिडे नुसते वाढत नाहीत, ते गातात. पंख फुटलेले नर एकदम सुरू झाले की चुलीजवळ बोललेलं ऐकू यायचं नाही. माझे यजमान जेवताना "मीठ" म्हणायचे आणि मी पाणी द्यायची. आत्याबाई कपाळाला हात लावायच्या, पण सहन करत होत्या. त्यांचं सहन करणं मांजराने संपवलं.

आमचं मांजर बरेच दिवस त्या फडक्यावर कान लावून बसायचं. एका दुपारी आम्ही सगळे लावणीला खाचरात असताना त्याने धीर केला आणि फडक्यावर उडी मारली. फडकं खचलं, मांजर आत पडलं, आणि घाबरून त्याने रांजणच आडवा केला. आम्ही चिखलाच्या पायांनी घरी आलो तेव्हा मांजर पोट टम्म करून उतरंडीवर बसलं होतं आणि उरलेले किडे घरभर झाले होते. पिठाच्या डब्यात, वाकळेत, मामंजींच्या पागोट्यात. ते आम्ही हसत हसत गोळा केले. हसणं दोन दिवसांनी थांबलं. आत्याबाईंचं खळ दिलेलं नवं लुगडं चुलीच्या वरच्या वलणीवर वाळत होतं. त्यांनी ते उलगडलं तर पदराची चाळण झालेली. किड्यांना खळ आवडते हे तोवर आम्हाला माहीत नव्हतं.

आत्याबाई ओरडल्या नाहीत. लुगडं माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाल्या, "माज्या भावाच्या घरच्या लग्नात नेसायला ठिवलं हुतं."

मी लुगडं उचललं, त्याच रंगाचा दोरा शोधला आणि रफू करायला बसले. वन्संही समोर बसल्या. सुई-दोरा माझ्या आईने शिकवलेला होता, आणि त्या दिवसांत मी तिला मनातल्या मनात किती वेळा हाक मारली असेल. भोकं लांबून दिसेनाशी झाली. आत्याबाईंनी पदर हातात घेऊन उजेडाकडे धरला, बोटाने चाचपला आणि म्हणाल्या, "नेसंन. पर ते किडं चुलीपाशी नगंत."

चुलीपाशी नाहीत, तर कुठे? ऊब नसेल तर ते मरतील. दुसऱ्या दिवशी मामंजी न्हाणीत माती कालवताना दिसले. न्हाणीत पाणी तापवायची चूल होती आणि तिच्यामागची भिंत कायम कोमट असायची. त्या भिंतीत त्यांनी रांजण बसेल असा कोनाडा खोदला होता. मी पाण्याची घागर घेऊन आत गेले. ते हात पुसत वळले.

"पोरी, एवढा पुरंल का?"

मी सवयीने आजूबाजूला बघितलं. पिंजरा तिकडे चुलीच्या खोलीत होता. न्हाणीत आम्ही दोघंच. मामंजींच्याही ते तेव्हाच ध्यानात आलं असावं, कारण ते परत भिंतीकडे वळून उगीच माती थापू लागले. मी घागर खाली ठेवली.

"वाईस खोल पायजे," मी म्हटलं. "मांजराचं त्वांड शिरंल."

"व्हय," ते म्हणाले. "शिरंल खरं."

एवढंच. पण त्यानंतर पाखराला मध्ये घ्यायची गरज उरली नाही.

भात घरात आल्यावर वन्संना बघायला मुठ्याहून पाहुणे आले. मुलगा, त्याची आई आणि एक चुलता. पडवीत घोंगड्या टाकल्या, गुळाचा चहा झाला. पडवीची आणि न्हाणीची भिंत एकच, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. पाहुण्यांसाठी पाणी तापवलेलं, कोनाडा गरम झालेला. वन्सं येऊन बसल्या आणि भिंतीमागून सुरुवात झाली.

मुलाच्या आईने इकडे-तिकडे बघितलं. "कसला वो आवाज?"

"रातकिडं हायती," आत्याबाई म्हणाल्या. "झाडी हाय ना भवती."

"दिसाढवळ्या?"

"आमच्याकडं दिसाबी वरडत्यात."

असं म्हणून आत्याबाई उठल्या, न्हाणीत गेल्या आणि रांजणावर चांगली जाड घोंगडी टाकून आल्या. अंधार झाला की रातकिडे दुप्पट जोराने गातात, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्या येऊन टेकतात न टेकतात तोच भिंत नुसती घुमायला लागली. चुलता काहीतरी विचारत होता, ते मामंजींना ऐकू येत नव्हतं. मामंजी मान डोलावत होते.

मुलाच्या आईने आवाज चढवून वन्संना विचारलं, "काय काय येतं गं तुला?"

"भाकरी येती," वन्संही चढ्या आवाजात म्हणाल्या. "लावणी येती, कापणी येती. धार काढती. दळान..." त्या क्षणभर थांबल्या. भिंतीमागे काय आहे ते लपवायचा त्यांना कंटाळा आला असावा. "आन् किडं पाळाया येत्यात."

आत्याबाईंनी डोळे मिटले. मी दाराआड उभी होते, मला वाटलं आता हे लोक उठणार.

"किडं? कशाला?" बाईंनी विचारलं.

मामंजींनी हे मात्र ऐकलं. त्यांनी माळावरच्या अंगणापासून हकीकत सुरू केली. मुलाची आई ऐकत राहिली आणि मध्येच उठून म्हणाली, "दावा बगू." सगळे न्हाणीत गेले. बाईंनी घोंगडी बाजूला केली, पदर खोचला आणि सरळ रांजणात हात घालून मूठभर किडे वर काढले. ते तिच्या मनगटावरून उड्या मारत होते.

"पावसाळ्यात माज्या कोंबडीची पिल्लं जगत न्हाईत," ती म्हणाली. "दान्यावर वाढच धरत न्हाईत. आन् हितं तुमी घरात चारा पिकवताय." मग वन्संकडे वळून म्हणाली, "तुला समदं येतं ह्यातलं?"

"वैनींनी शिकवलंय," वन्सं म्हणाल्या.

मुलगा एवढा वेळ मागे उभा राहून हसू दाबत होता. त्याला काही विचारायचं आहे का, असं चुलत्याने विचारलं. तो म्हणाला, "न्हाई. आईनं बोलनी केलीच की."

लग्न माघात झालं. वन्संच्या पाठवणीच्या सामानात एक मडकं होतं, फडक्याने बांधलेलं. विरजण लावायला दह्याची कवडी न्यावी तसे त्यात थोडे नर, थोड्या माद्या आणि ओली माती. वन्सं रडत होत्या आणि मडकं गात होतं. वऱ्हाडातल्या बायका रडता रडता हसायला लागल्या.

पुढच्या वर्षी गावात हिवतापाची फवारणी आली. पाठीवर पंप घेतलेली माणसं घरोघर भिंतींवर औषध मारत होती आणि दारावर खडूने खूण करून पुढे जात होती. आम्ही पिंजरा आंब्याला टांगला, पीठ-मीठ बाहेर काढलं, रांजणही अंगणात आणला. औषध वाळल्यावर परत कोनाड्यात ठेवला. पण वास भिंतीत मुरला होता. दोन दिवसांत किडे उताणे पडून पाय झाडू लागले आणि तिसऱ्या दिवशी न्हाणीत आवाज नव्हता. मामंजींनी रांजण लांब नेऊन पुरला. "ह्यातला एकबी पाखराला घालू नगंस," त्यांनी बजावलं.

"मुठ्याला जाऊया," कोनाडा खरवडून, नव्या मातीने लिंपून आणि दुसरा रांजण बसवून झाल्यावर ते संध्याकाळी म्हणाले. "इरजान आनाय."

दुसऱ्या दिवशी भाकरी बांधून आम्ही दोघं निघालो. मधली डोंगराची रांग ओलांडली की मुठा खोरं. सासरा पुढे, सून मागे. खिंडीत टेकलो तेव्हा मामंजींनी मागे वळून धरणाच्या पाण्याकडे बोट केलं.

"ते पाण्याचं वळान दिसतंय का, जितं पाणी काळं दिसतंय? तितं आमचं जुनं घर. मी मिसरूड फुटल्यालं पोरगं हुतो तवा पाण्यात गेलं."

मी विचारलं, "कसं हुतं?"

ते सांगू लागले. दाराशी चिंच होती, तिच्या खाली त्यांच्या आईचं जातं. खाचरांना नावं होती, ती सगळी त्यांनी मला सांगितली. मग मला विचारलं, तुमच्याकडं खाचरं न्हाईत, मग शेतांना नावं काय देता? मीही सांगितली. उतारभर आम्ही शेतांची नावं एकमेकांना सांगत गेलो.

वन्सं अंगणात कोंबड्यांना हाकत होत्या. आम्हाला बघून धावत आल्या. त्यांच्याकडे दोन रांजण होते, आमच्यापेक्षा स्वच्छ. त्यांच्या सासूबाईंनी पिल्लं दाखवली, मग आम्हाला जेवू घालून मडकं भरून दिलं. परतीच्या वाटेवर मी ते डोक्यावर घेतलं. खिंड उतरताना ऊन कलंडलं आणि माझ्या डोक्यावर रातकिडे सुरू झाले. समोरून गुरं घेऊन येणारा एक धनगर थबकला. त्याने माझ्या पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"सून हाय माजी," मामंजी त्याला म्हणाले आणि चालू लागले.

तितर त्यानंतर बरीच वर्षं जगलं. पावसाळ्यात रातकिडे, उन्हाळ्यात मोकळं रान. शेवटी म्हातारं होऊन एका उन्हाळ्यात सकाळी पिंजऱ्यात पडलेलं सापडलं. मामंजींनी ते खाचराच्या बांधावर पुरलं आणि दिवसभर तिकडेच काम करत राहिले. संध्याकाळी हात-पाय धुताना एवढंच म्हणाले, "लई चांगलं पाखरू हुतं." मी म्हटलं, "व्हय."

मला वाटलं, आता रांजण रिकामा करावा. पण तोवर आत्याबाईंनी मुठ्याच्या विहिणीकडून कोंबड्या आणल्या होत्या आणि त्यांची पिल्लं किड्यांवर धष्टपुष्ट झाली होती. रांजणाला हात लावायची मला मनाई झाली. गावातल्या बायका विरजण मागायला येऊ लागल्या, तशा आत्याबाई त्यांना न्हाणीत नेऊन शिकवू लागल्या. कोंडा कोरडा पायजे, चिंधी वली पायजे, घरात खळीचं लुगडं उघडं टाकू नगा.

एकदा खालच्या आळीतल्या एका म्हातारीने विचारलं, "पर तुमाला हे सुचलं कसं वो?"

मी चुलीपाशी वांगी चिरत होते, मामंजी दारात सुंभ वळत बसले होते. आत्याबाईंनी जराही थांबून विचार केला नाही.

"आता मानूस चुलीपाशी जलम काढतं," त्या म्हणाल्या. "समोर बगायचं आन् डोस्कं वापरायचं. सुनंलाबी मीच शिकवलं."

मामंजींचा हात सुंभ वळता वळता थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घालून वांगी चिरत राहिले, पण खांदे हलायचे थांबेनात. म्हातारीने मडकं पुढे केलं आणि आत्याबाईंनी त्यात मोजून-मापून, माद्या निवडून, भरपूर किडे घातले.